मागची तारीख

"पिंकीचं ते चित्र हाय का अजून, तुमच्या कंप्युटरात?"

शिवकन्येनं विचारलं तेव्हा बुद्धरत्नच्या हातातला भाकरीचा घास वरणात बुडवलेला होता, तो तसाच बुडून राहिला. प्रश्न तसा मोठा नव्हता. गॅस कधी सांगायचा, पाणी आज येणार की उद्या, अशा प्रश्नांच्या ओळीत बसणारा. आणि विचारणारीनंही तो तवा उतरवता उतरवता, पाठ न वळवता विचारला होता. पण सोळा वर्षं या घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. कुणी बंदी घातली नव्हती, ठरवून काही झालं नव्हतं. नाव आपलं वापरातून गेलं. त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली होती. बुद्धरत्न बायकोला पूर्वी 'पिंकीची आय' म्हणून हाक मारायचा. मग ती हाक मारता येईना, आणि दुसरी सापडली नाही. तेव्हापासून तो नुसता 'ऐकलीस का' म्हणतो, आणि तीही ऐकते.

"हाय," तो म्हणाला.

"पुरं झालं होतं का ते?"

"झालं होतं."

शिवकन्येनं तवा खाली ठेवला आणि सांगितलं की आज अंगणवाडी लवकर सुटणार आहे, तर दुपारी ती दुकानात येईल, बघायला. तिनं कारण सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. कारण त्याला ठाऊकच होतं, किंवा ठाऊक असायला हवं होतं. पिंकी त्या वर्षी हिवाळ्यात शाळा सुटल्यावर आणि मग उन्हाळ्यात दिवसभर त्याच्या दुकानात बसायची आणि संध्याकाळी घरी येऊन आईला सांगायची, मी कंप्युटरात चित्र काढायले, पुरं झाल्याबिगर तू बघायचं न्हाई. आईनं कबूल केलं होतं. मग चित्र पुरं झालं, आणि आठवड्याभरात पिंकी तापानं गेली. बघायचं राहिलं ते राहिलंच. आता इतक्या वर्षांनी, पिठाच्या हातानं, शिवकन्येनं ते मागितलं. बुद्धरत्ननं घास तोंडात घातला. वरणाला मीठ होतं की नव्हतं, हे त्याला कळलं नाही. पण ते त्याला रोजच कळत नसे.

बसवकल्याणच्या बसस्टँडमागच्या गल्लीत त्याचं दुकान. एका बाजूला उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, दुसऱ्या बाजूला शिंपी. पाटी मराठीत आणि कन्नडमध्ये आहे. कन्नड अक्षरं मोठी, कारण नियम तसा. आत भिंतीला टेकून जुने मॉनिटर रचलेले, पाठीला कुबड असलेले, जड, एकट्यानं उचलले तर कंबर धरते असे. ज्या मशिनांना आता कंपन्या ओळख देत नाहीत ती बुद्धरत्नकडे येतात. उमरग्याच्या छापखान्याचा कंप्युटर, मुडबीच्या शाळेतला, कुणाच्या भुसार दुकानातला. नवी पोरं म्हणतात, काका, फेकून द्या, नवा घ्या. बुद्धरत्न म्हणतो, बघू. तो स्क्रू काढतो, पंख्यातली धूळ ब्रशानं झाडतो, मेमरीची पट्टी काढून खोडरबरनं घासतो आणि परत बसवतो, आणि दहातली सहा मशिनं तेवढ्यावर उठून बसतात. बाकीच्यांसाठी त्याच्याकडे सीडींचा डबा आहे, त्यात लहान लहान प्रोग्रॅम. कचरा साफ करणारे, पुसलेलं परत आणणारे, एका डिस्कवरचं दुसरीवर जुळवून ठेवणारे. सगळे फुकट, म्हणजे महिनाभर फुकट. महिना झाला की ते रोज सकाळी खिडकी उघडून आठवण देतात की बाबा, मुदत संपली, आता पैसे भर. पैसे भरायला परदेशी चालेल असं कार्ड लागायचं, आणि तसं कार्ड त्या काळी बसवकल्याणात कुणाच्या खिशात होतं?

युक्ती त्याला गुलबर्ग्याच्या एका माणसानं शिकवली होती. तारीख मागं घ्यायची. कंप्युटरच्या घड्याळात नोव्हेंबर कर, प्रोग्रॅमला वाटतं अजून नोव्हेंबरच चाललाय, मुदत शिल्लक आहे, तो मुकाट कामाला लागतो. बुद्धरत्नला ती युक्ती इतकी आवडली की त्यानं दिसेल त्या मशिनला ती केली. काही वर्षं अशी होती की या गावातल्या निम्म्या कंप्युटरांत साल चुकीचं होतं आणि कुणाचं काही अडत नव्हतं. गुरुशांतप्पाच्या वजनकाट्यावर गाडी तोलली की पावतीवर मागचंच साल छापून येई, आणि गुरुशांतप्पा ते पेनानं खोडून वर आजची तारीख घाली, आडतवाले काही न बोलता ती पावती घेत. दुकानातल्या स्वतःच्या मशिनमध्ये तर बुद्धरत्न रोज सकाळी शटर उघडल्यावर, अगरबत्ती लावायच्या आधी, तारीख मागं नेतो. तोच नोव्हेंबर, तेच साल. त्या मशिनमध्ये पिंकी अजून चौथीत आहे. पण तो हे त्यासाठी करतो असं कुणी म्हणालं तर तो चिडेल. तो प्रोग्रॅमसाठी करतो. प्रोग्रॅम आता तसा काही कामाचा राहिलेला नाही, हेही खरं.

आज त्यानं तारीख मागं घेतली आणि मशिननं आवाज केला. टक्, टक्, मग थोडा वेळ काही नाही, मग परत टक्. दुसऱ्याच्या मशिनमध्ये हा आवाज ऐकला की तो गिऱ्हाइकाला सरळ सांगतो, डिस्क चालली, आहे तेवढं काढून घ्या, आज. स्वतःच्या मशिनचा आवाज त्यानं उभ्यानं ऐकला. छातीत काही हललं नाही. त्याला वाटलं, हलायला हवं होतं. एका कुशीवर हात दाबून झोपल्यावर उठताना तो हात कुणा दुसऱ्याचा वाटतो, तसं त्याचं बरंच काही गेली सोळा वर्षं दुसऱ्याचं वाटत आलं होतं, आणि मुंग्या येऊन तो हात जागा होण्याची वेळ काही आली नव्हती. पिंकी गेली तेव्हा तो रडला नाही. मुडबीहून भाऊबंद आले, विहारातली माणसं आली, वंदना झाली, शिवकन्येला दोघी बायकांनी धरून ठेवलं होतं, आणि बुद्धरत्न येणाऱ्याला चटई देत होता, पाणी देत होता. लोक म्हणाले, लई घट्ट माणूस. चार दिवसांनी त्यानं दुकान उघडलं तेव्हा तर गल्लीनं त्याचं कौतुक केलं. कौतुक करण्यासारखं त्यात काय होतं ते त्याला आजवर समजलेलं नाही.

त्यानं चित्राची फाइल उघडून पाहावी की नाही याचा विचार केला, आणि नाही ठरवलं. आधी जपून ठेवावं. डिस्क मरायला टेकली असता तिला उगाच फिरवू नये, हा धंद्यातला नियम, आणि तो बरोबरच आहे. खरं तर ती फाइल त्यानं कैक वर्षांत उघडली नव्हती. आहे म्हणून पुरे होतं. त्यानं खणातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुनी डिस्क काढली, जिच्यावर त्यानं पिंकी गेली त्या वर्षीच्या जानेवारीत दुकानातलं सगळं एकदा उतरवून ठेवलं होतं, ती जोडली, आणि दोन्ही डिस्का जुळवणारा तो प्रोग्रॅम चालू केला. त्याचं काम सोपं. एकाच नावाची फाइल दोन्हीकडे असेल तर जिची तारीख नवी ती खरी धरायची, आणि जुनीवर चढवायची. पडद्यावर दोन रांगा येतात, मधे बाण. कुठून कुठे जायचं ते बाण दाखवतो. वाचून, पाहून, मग होकार द्यायचा.

इतक्यात फोन आला. गुरुशांतप्पा. काट्यावरचं मशिन पुन्हा अडलं होतं आणि तुरीच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या. बुद्धरत्ननं फोन मान आणि खांद्यात धरला आणि त्याला नेहमीप्रमाणे विचारलं की पडद्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा. गुरुशांतप्पा म्हणाला, इंग्लिश हाय. मग त्यानं एकेक अक्षर वाचलं, मधे एका गाडीवाल्याला कन्नडमध्ये झापलं, परत अक्षर. बुद्धरत्ननं विचारलं, बंद पडायच्या आधी शेवटी काय केलं होतं. हा त्याचा पहिला प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर जगात एकच आहे.

"काय बी केलं न्हाई की अण्णा. खिडकी आली, मी व्हय म्हणलो."

"न वाचताच?"

"वाचून काय करायचं? रोजच येती ती."

बुद्धरत्ननं त्याला सुनावलं. शांतपणे, जसं तो सगळ्यांना सुनावतो, की खिडकी येते ती काहीतरी सांगायला येते, माणसानं दोन ओळी वाचाव्यात, मग बटण दाबावं. सुनावता सुनावता त्याच्या समोरही एक खिडकी आली होती, आणि त्याच्या बोटानं तीवर होकार दिला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो एवढा जवळ असतो. बाण उलटा होता हे त्याच्या डोळ्यांनी पाहिलंसुद्धा होतं. नंतर त्याला तो बाण नीट आठवला, उजवीकडून डावीकडे, हिरवा. पण त्या क्षणी तो गुरुशांतप्पाला माऊसची वायर काढून परत घालायला सांगत होता. काटा चालू झाला. गुरुशांतप्पा म्हणाला, देवमाणूस हाव तुमी, आणि फोन ठेवला.

मग त्यानं चित्र उघडलं, कारण आता ते दोन ठिकाणी सुखरूप होतं. डावीकडे कडुलिंब होता, कंप्युटरातल्या रंगाच्या फवाऱ्यानं काढलेली हिरवी पानं, त्या फवाऱ्याचं पिंकीला फार वेड. घर होतं. शेळी होती, पाच पायांची. घरासमोर आई, जांभळ्या लुगड्यात, हातात पिशवी. आणि उजवीकडे पांढरं. अर्धा पडदा नुसता पांढरा. बुद्धरत्न त्या पांढऱ्याकडे बघत राहिला. त्याला सगळं एकदम समजलं, जसं दुसऱ्याच्या मशिनचं दुखणं त्याला समजतं. जानेवारीत उतरवून ठेवलेलं चित्र अर्धं होतं, पण त्याच्यावर तारीख खरी होती. पिंकीनं ते पुरं केलं उन्हाळ्यात, जेव्हा तो गुलबर्ग्याची युक्ती शिकून आला होता आणि रोज सकाळी घड्याळ मागच्या नोव्हेंबरात नेत होता. तिच्या सगळ्या उन्हाळ्यावर नोव्हेंबरची तारीख पडली. प्रोग्रॅमनं हिशेब बरोबर केला. अर्धं चित्र नवं ठरलं, पुरं चित्र जुनं ठरलं, आणि नव्यानं जुन्याला पुसलं. मूळ जागेवरही आणि जपून ठेवलेल्या डिस्कवरही आता अर्धंच होतं.

त्यानं डबा उघडला, पुसलेलं परत आणणारा प्रोग्रॅम घातला. तो काय सांगणार हे त्याला ठाऊक होतं, तरी त्यानं तो शेवटपर्यंत चालू दिला. पुसलेलं परत येतं. वरून लिहिलेलं येत नाही. भिंतीवर चुना दिल्यावर खालचा चुना खरवडून काढता येत नाही तसंच ते. हजार गिऱ्हाइकांना त्यानं हे वाक्य ऐकवलं आहे, आणि कित्येक जण दारात उभे राहून रडले आहेत, लग्नाचे फोटो गेले म्हणून, कुणाचा प्रबंध गेला म्हणून, आणि त्यानं त्यांना रसाचा ग्लास मागवून दिला आहे. आता तो स्वतःच्या खुर्चीत बसून होता. बाहेर सोलापूरची बस लागली होती, वाहक गावांची नावं ओरडत होता. बुद्धरत्ननं उजवीकडच्या पांढऱ्या जागेत काय होतं ते आठवायचा प्रयत्न केला, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याला भीती वाटली. त्याला आठवेना. रस्ता होता. बस होती, ती कशी होती? दुकान होतं. दुकानात तो होता, हे नक्की, पिंकीनं त्याला काढलं होतं आणि तो हसला होता. पण कसा होता? शर्ट कुठल्या रंगाचा? चष्मा होता का? डोळे, नाक? तिनं त्याचं तोंड कसं काढलं होतं, तेवढं तरी आठवावं म्हणून त्यानं डोळे मिटले. डोळ्यांपुढे पांढरंच राहिलं. तिथं चित्र आहे या भरवशावर त्यानं ते कधी मनात ठेवलंच नव्हतं. बीदरच्या दवाखान्यातही तो असाच बसला होता. डॉक्टर विचारत होते की ताप कधी चढला, आधी काय खाल्लं होतं, शेवटी काय दिलं, आणि बुद्धरत्न पलंगाशेजारच्या यंत्राच्या पडद्याकडे बघत म्हणाला होता, काही नाही, काही नाही केलं. पोरगी बघत होती का त्याच्याकडे तेव्हा? तेही त्याला आठवत नाही. त्याला यंत्रावरची हिरवी रेघ आठवते.

मग एक वाजून गेल्यावर शिवकन्या आली. अंगणवाडीचीच साडी होती, पण तिनं वाटेत कुठंतरी तोंड धुतलं होतं, केस ओले करून चापून बसवले होते. ती या दुकानात कितीक वर्षांनी आली होती. तिनं रचलेल्या मॉनिटरांकडे पाहिलं, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे पाहिलं, तिला हात जोडले, आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. बुद्धरत्ननं सकाळपासून दोन गोष्टी तयार ठेवल्या होत्या. एक, मशिन बिघडलंय, नंतर बघू. दुसरी, डिस्क गेली, सगळंच गेलं. दोन्ही सोप्या होत्या आणि धंद्यात दोन्ही खपतात. पण ती बसली तेव्हा चित्र पडद्यावर उघडंच होतं. बंद करायचं त्याच्या हातून राहिलं होतं.

शिवकन्या पुढे वाकली. तिनं कडुलिंबापाशी बोट नेलं, काचेला न लावता. शेळीचे पाय मोजले असावेत, कारण तिच्या ओठाचा कोपरा हलला. मग ती जांभळ्या लुगड्यातल्या बाईवर थांबली. तसं लुगडं तिच्याकडे होतं खरं. तिचा श्वास बुद्धरत्नला ऐकू येत होता. त्याला वाटलं, एवढ्यावर भागेल. एवढं पुरे तिला.

"मी हाय," ती म्हणाली. "तुमी कुटं हाव ह्यात?"

त्यानं माऊसवर हात ठेवला.

"पुरं झालं होतं म्हणलाव न्हवं? ही बाजू तर समदी कोरीच हाय."

तिच्या आवाजात राग नव्हता. रुसवाही नव्हता. खरेदी करून आलेल्या नवऱ्याला पिशवीत हळद का नाही असं विचारावं तसं तिनं विचारलं. बुद्धरत्नचा हात माऊसवर होता. आयुष्यात त्या हातानं किती वेळा ते बटण दाबलं असेल त्याला गणती नाही, पण त्यानं कधी एक रेघ काढली नव्हती. त्यानं काळा रंग घेतला. का घेतला हे त्याला सांगता आलं नसतं. पांढऱ्या जागेत, उजवीकडे खाली, त्यानं एक गोल काढला; तो वाकडा आला, एका बाजूनं पोचट. गोलाखाली खांदे काढले. खांद्यांमागे खुर्चीची चौकट. आता तोंड काढायचं होतं आणि हात पुढे जाईना, आणि हात पुढे जाईना तेव्हाच त्याला ते आलं, डोळ्यांतून नव्हे, त्या अडलेल्या हातातून आलं. तिनंही इथंच सोडलं होतं. त्यानं पिंकीला म्हटलं होतं, अगं तोंड काढ की मला, बिनतोंडाचा बाप कुटं असतोय व्हय? आणि ती या मशिनपुढे ओढलेल्या स्टुलावर, आता शिवकन्या बसली होती त्याच स्टुलावर, पाय हलवत म्हणाली होती, तुमी पाठच दाखवताव की पप्पा, दिसतंय तेच काढायले मी. तो हसला होता. हसून परत दुरुस्तीला आलेल्या मशिनच्या पडद्याकडे वळला होता. मग तिनं फवाऱ्यानं त्याचे केस काढले, मधे टक्कल सोडून. बुद्धरत्ननं फवारा घेतला आणि गोलावर काळे ठिपके पाडले, मधे जागा सोडली.

"तोंड कामून न्हाई काढलं?" शिवकन्येनं विचारलं.

"तिनं असंच काढलं होतं."

म्हणायचं त्यानं ठरवलं नव्हतं. शिवकन्येनं पडद्यावरची नजर काढून त्याच्याकडे पाहिलं. तो पाठमोरा होता, नेहमीसारखा. मग त्यानं खुर्ची फिरवली आणि तिच्याकडे तोंड केलं. त्याच्या हाताला आता मुंग्या येत होत्या, खऱ्याखुऱ्या, कोपरापर्यंत, आणि त्या दुखत होत्या.

"पुरं होतं," तो म्हणाला. "सकाळपतूर होतं. माज्या हातानं गेलं. खिडकी आली, मी न वाचताच व्हय म्हणलो."

ती रडेल असं त्याला वाटलं. ओरडेल, उठून जाईल. तिनं पदरानं हात पुसले, जे ओले नव्हते.

"तुमी बघितलंव न्हवं ते? पुरं?"

"बघितलं."

"मग सांगा. काय काय होतं?"

बुद्धरत्ननं तोंड उघडलं. गल्लीतून उमरग्याच्या बसचा हॉर्न आला. त्याच्या डोळ्यांतून पाणी गालावर उतरत होतं, आणि ते आपलंच आहे हे त्याला कळत होतं.

"रस्ता होता," तो म्हणाला. "रस्त्यावर बस होती. दोन दारांची बस होती, पिंकीची आय."

शिवकन्येनं स्टूल ओढून त्याच्या खुर्चीशेजारी घेतलं. "काढा," ती म्हणाली.